विचारलंय तेवढंच

"तू वाचत नाहीस, करुणा. तू औषध देतीस," मामा म्हणाले आणि त्यांनी गजराच्या घड्याळाचं बटण दाबलं.

पंधरा मिनिटं संपली होती. वीस प्रश्नांपैकी माझे अकरा झाले होते आणि मी तिसऱ्या कागदाच्या मध्यावर बोट ठेवून बसले होते. आधीच डोकं तापलेलं, त्यात हे. मी म्हटलं, "म्हणजे काय?"

"म्हणजे बोट बघ की तुझं. ओळ संपली की परत मागं येतंय. एकेक ओळ तीनदा वाचतीस तू."

मी बोट उचललं. खरंच होतं ते. नर्सिंगच्या पहिल्या वर्षी आमच्या सिस्टर ट्यूटरनी आम्हाला घोटून घोटून शिकवलं होतं की, लेबल तीनदा वाचायचं. बाटली कपाटातून काढताना एकदा, औषध भरताना एकदा आणि बाटली परत ठेवताना एकदा. अकरा वर्षं मी तेच करत आले होते. माझ्या हातून कधी चुकीचं औषध गेलं नाही याचा मला फार अभिमान होता. पण इंग्रजी वाचनाच्या परीक्षेत मात्र मी दोनदा नापास झाले होते.

परदेशात नोकरी करायची तर नर्सना ही परीक्षा द्यावी लागते. ऐकणं, बोलणं, लिहिणं हे सगळं माझं पहिल्या झटक्यात सुटलं. वाचनाचा पहिला भाग तेवढा माझ्या उरावर बसायचा. एकाच आजारावरचे चार निरनिराळे कागद, त्यावर वीस प्रश्न, वेळ पंधरा मिनिटं. इंग्लंडमधल्या एका दवाखान्याचं नोकरीचं पत्र माझ्या हातात होतं, पण मार्चअखेरपर्यंत पास झाल्याचं कळवलं तरच ते चालणार होतं. फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी पुण्यात परीक्षा होती. या खेपेला हुकलं की संपलं.

मामा म्हणजे माझे सासरे, दाविद सकटे. उभी हयात त्यांनी रेल्वेच्या टपालात काढली. गाडीतल्या टपालाच्या डब्यात उभं राहायचं, समोर भिंतभर खण, आणि धावत्या गाडीत एकेक पत्र त्याच्या त्याच्या गावाच्या खणात टाकायचं, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती तरी हात मात्र सवयीनं चालायचा. भाजी निवडताना देठ एका ताटलीत आणि पानं दुसऱ्या ताटलीत अशी उडवायचे की, मी हसून लोटपोट व्हायची.

मिरजेत स्टेशनच्या मागे दोन खोल्यांत आम्ही दोघंच राहायचो. माझा नवरा अमोल पाच वर्षांपूर्वी मोटरसायकलच्या अपघातात गेला. मूलबाळ नव्हतं. सोलापूरहून आई दर फोनला विचारायची, "अगं, किती दिवस राहणार आहेस सासऱ्याकडं?" मी म्हणायची, "बघू." खरं सांगायचं तर बघण्यासारखं काही नव्हतंच. मी ड्यूटीवरून आले की चहा तयार असायचा आणि त्यांचा सदरा उसवला की मी शिवायची. आमचं बरं चाललं होतं.

"मामा, तुम्हाला इंग्रजी येत नाही आणि मला शिकवताय," मी म्हटलं.

"वाक्यं येत नाहीत. गावं येतात," ते म्हणाले. "आणि मी काय इंग्रजी शिकवत नाही. वाचायचं कसं तेवढं सांगतो. पाकीट हातात आलं की मी पहिल्यांदा काय वाचायचो?"

"नाव."

"अजिबात नाही. अडतीस वर्षांत एका माणसाचं नाव वाचलं नाही मी. पत्ता खालून वाचायचा. शेवटची ओळ, गाव. झालं, टाक खणात. नाव पोस्टमन वाचंल, आतलं पत्र ज्याचं तो वाचंल. मी सगळं वाचत बसलो असतो तर पुण्याची पत्रं बेळगावला पोचली असती."

अशी आमची शिकवणी सुरू झाली. चार रविवार, चर्चहून आल्यावर, जेवणाआधी. त्यांची पहिली आज्ञा अशी की, कागदाला हात लावायच्या आधी प्रश्न वाचायचे. प्रश्न म्हणजे खण. खण डोक्यात पक्के झाले की मग कागद उचलायचा आणि कुठलं वाक्य कुठल्या खणातलं तेवढंच बघायचं. प्रश्नात "किती" असेल तर डोळ्यांनी फक्त आकडे वेचायचे. "कुणी" असेल तर मोठ्या अक्षरानं सुरू होणारे शब्द.

"आणि अडला शब्द तर?"

"अडलेलं पत्र आम्ही काय करायचो? बाजूच्या खणात. पत्ता लागत नाही म्हणून त्याच्याकडं बघत बसलं तर पुढचं स्टेशन येतंय. गठ्ठा संपला की मग शांतपणे बघायचं त्याला."

दुसऱ्या रविवारी मात्र आमचं चांगलंच वाजलं. तापाच्या रुग्णावरचा कागद होता. मी चार उत्तरं चुकवली, आणि चारही उत्तरं वॉर्डातल्या हिशेबानं अगदी बरोबर होती. "कागदात चुकीचं लिहिलंय," मी म्हटलं. "असं कुणी करत नाही. रुग्ण थंडीनं कुडकुडेल."

"तुला काय विचारलंय? कागदात काय लिहिलंय ते विचारलंय. पाकिटावर कोल्हापूर लिहिलंय. तुला माहीत आहे, तो माणूस महिन्यापूर्वीच पुण्याला गेला. तू पत्र कुठं टाकणार?"

"कोल्हापूरला," मी नाइलाजानं म्हटलं.

"मग. आपल्या पदरचं घालायचं नाही. जे लिहिलंय ते आणि विचारलंय तेवढंच."

तिसऱ्या रविवारी माझे सतरा प्रश्न झाले. मामांनी खुशीत येऊन स्वतः रस्सा वाढला आणि अर्धी पळी ताटाबाहेर ओतली. मी ओरडले, ते हसले, मी फडकं आणलं. वय झालं, असं मी मनात म्हटलं आणि विसरून गेले. मी नर्स होते, पण घरी आल्यावर मी नर्स नसायची. आज हे लिहिताना माझीच मला लाज वाटते.

चौथा रविवार परीक्षेच्या आधीचा. सरावाचे कागद एव्हाना मामाच जमवायचे. औषधांच्या खोक्यातली चिठोरी, इंग्रजी पेपरातली कात्रणं, दवाखान्यातली माहितीपत्रकं. चार कागद मांडायचे आणि प्रश्न मराठीत तोंडी विचारायचे. त्यांना आतलं इंग्रजी कळायचं नाही, पण दवाखान्याच्या कागदात काय काय असतं हे त्यांना ठाऊक होतं. डोस किती, किती दिवस, कुणी घ्यायचं नाही. मग घड्याळ वाजलं की मी सावकाश वाचून माझी उत्तरं स्वतःच तपासायची, अशी आमची रीत होती.

त्या दिवशी विषय होता काचबिंदू. एक कात्रण, एक माहितीपत्रक, थेंबांच्या बाटलीबरोबरची चिठ्ठी आणि चौथा कागद म्हणजे डोळ्यांच्या दवाखान्यातलं एका डॉक्टरनं दुसऱ्या डॉक्टरला लिहिलेलं पत्र. पत्राचा वरचा भाग कात्रीनं कापलेला होता. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

"चौथ्या कागदावर जास्त प्रश्न आहेत," मामा म्हणाले. "लाव घड्याळ."

मी लावलं. ते एकेक विचारत गेले आणि मी कागदांवरून डोळे फिरवत राहिले.

"गेलेली नजर परत येती का?"

"नाही."

"या माणसाला ऑपरेशन सांगितलंय?"

"तूर्त नाही."

"थेंब किती दिवस?"

"सकाळ-संध्याकाळ, कायमचे."

"थेंब घातले तर उरलेली नजर राहील?"

"नियमित घातले तर राहण्याची शक्यता चांगली आहे, असं लिहिलंय."

"आता किती दिसतंय त्याला?"

"किती" म्हटल्यावर मी आकडे शोधले. आकडे एकाच ओळीत होते. "समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही. दोन्ही डोळ्यांना."

मामांनी विचारलं, "या माणसाला एकट्याला राहता येईल?"

मी पत्र वरून खाली नजरेखालून घातलं. तिथं तसं काहीच नव्हतं. आदल्या महिन्यात मी नक्की माझ्या पदरचं उत्तर दिलं असतं. पण आता मी शहाणी झाले होते. ऐटीत म्हटलं, "मजकुरात नाही."

"शाब्बास," मामा म्हणाले. "सगळी बरोबर. घड्याळ वाजायचंय अजून." त्यांनी चौथा कागद उचलला, चार घड्या घातल्या आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला.

"अहो, तपासायचं राहिलंय."

"आज नको. जेवू चल."

"असं कसं? शनिवारी परीक्षा आहे. बरोबर आहेत हे तुम्हाला कसं कळलं? तुम्हाला तर वाक्यं येत नाहीत."

"करुणा, जेवू म्हटलं ना."

मामा माझ्यावर कधी आवाज चढवत नसत. तो चढला म्हणून मी हट्टाला पेटले. लहान मुलासारखं मी त्यांच्या खिशातून कागद ओढून घेतला आणि खिडकीशी जाऊन वाचू लागले, माझ्या जुन्या पद्धतीनं, बोट ठेवून, ओळ अन् ओळ.

आकड्यांची ओळ फक्त उजव्या डोळ्याची होती. त्याच्या खाली डाव्या डोळ्याची ओळ होती. तिच्यात एकही आकडा नव्हता, नुसती तीन अक्षरं होती. म्हणून ती माझ्या हातून सुटली होती. त्या तीन अक्षरांचा अर्थ नर्सिंगच्या कोणत्याही मुलीला माहीत असतो. या डोळ्याला उजेडसुद्धा कळत नाही, असा तो अर्थ. त्याखाली लिहिलं होतं की, हे गृहस्थ एकोणसत्तर वर्षांचे असून रेल्वेच्या टपालखात्यातून निवृत्त झालेले आहेत आणि विधवा सुनेबरोबर राहतात.

मी मामांकडे पाहिलं. ते खुर्चीत ताठ बसले होते. मी त्यांच्या डाव्या बाजूला गेले आणि त्यांच्या गालापासून हातभर अंतरावर तीन बोटं धरली.

"किती?"

"काय किती?" ते समोर बघत म्हणाले.

मला रडू आलं. आवरायचा प्रयत्नही मी केला नाही. वॉर्डात मी शेकडो माणसांच्या डोळ्यांत टॉर्च मारला असेल, आणि ज्या माणसासमोर मी रोज चहा प्यायची त्याचा डोळा गेलेला मला कळला नव्हता.

"उजवीकडं ये," मामा हळू आवाजात म्हणाले. "हां, इथं. आता दिसतीस. रडू नको गं. दुखत नाही काही."

"मला का नाही सांगितलंत? निदान हा कागद तरी सरळ दाखवायचा. मी वाचून सांगितलं असतं."

"काय सांगितलं असतंस?"

मी कागदाची घडी घालत राहिले.

"अमोलच्या वेळी तू मला काय सांगितलं होतंस?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त लागलं. "अडीच दिवस तो आत होता. तू आत-बाहेर करायचीस. दर खेपेला विचारलं की म्हणायचीस, मामा, सुधारतोय. कागदावर काय होतं?"

कागदावर काय होतं ते मला पहिल्या तासापासून माहीत होतं.

"तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणालीस, घरी जा, आंघोळ करून या, बरं वाटेल. मी गेलो. अंगावर पहिला तांब्या घेतला आणि शेजारचा बोलवायला आला." मामांनी माझा हात हातात घेतला. "मी दोष देत नाही तुला. तुझ्या जागी मी असतो तर मीही तसंच बोललो असतो. पण या वेळी मला कागदात आहे तेच पाहिजे होतं. सरळ विचारलं असतं तर तू सून म्हणून वाचलं असतंस. म्हटलं, परीक्षा म्हणून वाचू दे. आपल्या पदरचं घालणार नाही."

पाच वर्षांत आम्ही त्या सकाळीबद्दल एकदाही बोललो नव्हतो. मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं आणि म्हटलं, "चुकलं माझं, मामा." ते नुसते माझ्या डोक्यावर थोपटत राहिले. रस्सा गार होऊन गेला.

थोड्या वेळानं तोंड धुऊन आले आणि म्हटलं, "मी शनिवारी पुण्याला जाणार नाही."

"का?"

"का म्हणजे? थेंब कोण घालणार? रस्ता कसा ओलांडणार तुम्ही?"

"तू दोन वेळा नापास झालीस ना," मामा म्हणाले, "तेव्हा मला बरं वाटलं होतं. खरं सांगतो. दोन्ही वेळा बरं वाटलं. मग मला माझीच शरम वाटली आणि मी तुला शिकवायला बसलो. आता जात नाही म्हणालीस तर माझ्या चार रविवारांचं काय?" मग म्हणाले, "साराताईशी बोललोय मी."

साराआत्या म्हणजे त्यांची थोरली बहीण. जयसिंगपूरला एकटी राहायची. तोंडानं फटकळ, पण हाताला उदार.

"ती ठेवून घेते म्हणाली. पण तिचा स्वभाव तुला माहीत आहे. मांजर पाळायचं तरी ती दहा गोष्टी विचारंल. मला म्हणाली, तीन प्रश्नांची उत्तरं आण, मग ये. पहिला, पुरता आंधळा होणार का? दुसरा, औषध काय आणि किती दिवस घालायचं? ते मिळालं मला आज. थेंब घातले की उजवा राहतोय. ऑपरेशन नाही. डावा डोळा तू चुकवलास, पण डाव्याचं मला माहीतच आहे. माझाच डोळा हाय न्हवं."

"आणि तिसरा?"

मामा खिडकीकडे बघू लागले.

"तिसरा काय, मामा?"

"म्हणाली, करुणा परत येणार का तिकडचीच होणार?" ते हळूहळू बोलत होते. "म्हणाली, अमोल गेला. पोरबाळ नाही. मग ती आता तुझी लागती कोण?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, हे कुठल्या कागदात लिहिलेलं नसतं. विचारून कळवतो. मग चार रविवार विचारायचं राहूनच गेलं."

चार रविवार हा माणूस माझ्या शेजारी बसून मला भराभर वाचायला शिकवत होता, म्हणजे मी लवकर जावं म्हणून. आणि एवढा एक प्रश्न त्याच्या तोंडातून निघत नव्हता. मला त्यांचा राग आला, आत्याचा आला, माझा स्वतःचा तर भयंकरच आला. मी म्हटलं, "कार्ड आहे का घरात?"

टपालातला माणूस. फोन शेजारी होता, पण बहिणीला कळवायचं ते पोस्टकार्डानंच. ट्रंकेतून त्यांनी कोरं कार्ड काढलं. मी जमिनीवर बसून लिहायला घेतलं आणि ते सांगत गेले.

"साराताईस सलाम. डोळ्याचं नाव काचबिंदू. डावा गेला, तो येत नाही. उजवा थेंब घातल्यावर राहील. थेंब सकाळ-संध्याकाळ, जन्मभर. मी स्वतः घालू शकतो, पडला बाहेर तर बोलू नये. ताट जरा उजवीकडं ठेवावं. लिहिलंस?"

"लिहिलं. आणि तिसऱ्याचं?"

"ते तू लिही," मामा म्हणाले आणि उठले. "मला वाचून दाखवू नको. मी पानं घेतो तोवर."

ते आत गेले. ताटं मांडल्याचा आवाज येत होता. कार्डावर दोन ओळींची जागा उरली होती. मी लिहिलं, पत्ता घातला आणि दुपारी ड्यूटीवर जाताना स्टेशनसमोरच्या पेटीत टाकलं.

शनिवारी मी पुण्याला गेले. चौथ्या कागदाचा शेवटचा प्रश्न झाला तेव्हा दीड मिनिट उरलं होतं. पास झाले. एप्रिलमध्ये मी इंग्लंडला गेले आणि मामा जयसिंगपूरला. सहा वर्षांनी मी कायमची परत आले, पण ते पुढचं.

पहिली रजा मला चौदा महिन्यांनी मिळाली. मुंबईहून थेट जयसिंगपूर गाठलं. मामा ओट्यावर बसले होते. थोडे वाळले होते, पण मी समोर आल्याबरोबर त्यांनी मला ओळखलं. उजवा राहिला होता. मी त्यांच्या पायाशी बसले. साराआत्यांनी पाणी आणून दिलं आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"आलीस बाई एकदाची," त्या म्हणाल्या. "हा माणूस मला रोज विचारतोय, विमान किती वाजता सुटतंय. मला काय ठाऊक? आणि तुझं ते कार्ड! हा इकडं राहायला आला, त्या दिवशी मी याला वाचून दाखवलं. म्हटलं ऐक, सुनेनं काय लिहिलंय. 'आत्या, मी परत येईन. तोवर माझ्या वडिलांना सांभाळा.'"

मामा सदऱ्याची बाही सारखी करत राहिले.

"तर हा म्हणला, परत वाच," आत्या सांगू लागल्या. "परत वाचलं. म्हणला, शेवटचं परत वाच. ते वाचलं. मग म्हणला, पत्ता बघ गं ताई. दुसऱ्या कुणाचं तरी आपल्याकडं आलं असंल."

आत्या हसल्या आणि पदरानं डोळे पुसत आत गेल्या. मला मान वर करवेना. मामांचा हात चाचपडत माझ्या डोक्यावर आला आणि तिथंच राहिला.

"बरोबर होता पत्ता," ते म्हणाले.